खड्ड्यातून आलेलं ‘चालेल’

लिफ्टच्या कंपनीत त्या दोघांना नावानं कुणी हाक मारत नसे. एक थोरला आणि एक धाकटा. सख्खे सोडाच, ते चुलत-मावसभाऊही नव्हते. पण वर्षानुवर्षं जोडी एक, हत्यारांची पेटी एक, भांडणंसुद्धा त्याच त्या विषयांवरची. त्यामुळे इमारतींमधल्या लोकांना ते भाऊच वाटत. “तुमचे थोरले कुठं राहिले?” असं कुणी विचारलं की धाकटा नातं समजावत बसत नसे. “येताहेत मागून. पेटी माझ्याकडे असते, रुबाब त्यांच्याकडे,” म्हणे.

रुबाब होताच. लिफ्टचं काम म्हणजे वंगण आणि धूळ. बाकीचे मेकॅनिक संध्याकाळी कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे दिसत. थोरला सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून येई आणि संध्याकाळी इस्त्रीचाच शर्ट घालून जाई. मधल्या वेळात तो शर्ट मशीनच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असे.

“लग्नाला आलात की कामाला?” धाकटा विचारी.

“लोक आपल्या भरवशावर लिफ्टच्या डब्यात पाय ठेवतात,” थोरला म्हणे. “भरवसा जरा बरा दिसला पाहिजे.”

त्याचे वडील एका मोठ्या दुकानात लिफ्टमन होते. स्टुलावर बसून बटणं दाबायची आणि मजला आला की सांगायचं, ही नोकरी. लहानपणी थोरला स्टुलाजवळ उभा राही आणि विचारी, “बाबा, आपल्याला वरून कोण ओढतं?” वडिलांना सांगता येत नसे. वरची खोली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

“जन्मभर लोकांना वर नेलं आणि स्वतः स्टुलावरून हलले नाहीत,” थोरला हसत सांगे. मग हसू आवरे. “पण एकदाही चुकीचा मजला सांगितला नाही त्यांनी. आतल्याला बाहेरचं दिसत नाही. तुम्ही तिसरा म्हणालात की तो तिसरा समजून उतरतो.”

धाकट्याला हे सगळं पाठ होतं. थोरल्यानं ‘आमचे बाबा’ म्हणताच तो पेटी उघडून पाने पुसायला घेई.

ह्या कामात एक शब्द जपून वापरायचा असतो. चालेल. बाहेरच्या जगात तो चिल्लरीसारखा उडतो. भाजीत मीठ कमी आहे, चालेल. पाहुणे उद्या येतील, चालेल. मुलगा जरा बुटका आहे पण स्वभावानं चांगला आहे, चालेल. लिफ्टचा डबा ज्या विहिरीतून वर-खाली जातो त्या शाफ्टमध्ये मात्र त्याचा अर्थ एकच. एकजण तळाच्या खड्ड्यात असतो आणि दुसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. मधे सगळी इमारत. खड्ड्यात मोबाईलला रेंज नसते. खड्ड्याच्या भिंतीवर एक लाल बटण असतं. ते दाबलेलं असेपर्यंत मशीन हलत नाही. खालचा माणूस काम थांबवतो, अंग चोरून कोपऱ्यात उभा राहतो, लाल बटण सोडतो आणि वर तोंड करून ओरडतो, “चालेल!” मशीनच्या खोलीच्या जमिनीला दोर जाण्यासाठी भोकं असतात. त्यांतून तो आवाज वर येतो. मग वरचा मशीन सुरू करतो.

“शाफ्टमध्ये मला शिवी दिलीस तरी ऐकून घेईन,” थोरल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “पण उगाच चालेल म्हणालास तर जोडी मोडली.”

जोडी कधी मोडली नाही. उलट तिचं नाव झालं. एखादी लिफ्ट तीन-तीनदा दुरुस्त होऊनही कुरकुरत राहिली की साहेब म्हणत, थोरल्या-धाकट्याला पाठवा. थोरल्यानं ‘झालं’ म्हटलं की पुन्हा कुणी तपासत नसे. शेवटी कंपनीनं ठरवलं की नव्या लोकांना शिकवायला एक कायमची जागा करायची आणि तिथं थोरल्याला बसवायचं. वहिनींनी, म्हणजे थोरल्याच्या बायकोनं, ही बातमी सगळ्या आळीला सांगितली. “आता पंख्याखाली बसून शिकवणार आहेत,” ह्यातला पंखा त्या फार ठासून म्हणत.

ती जागा मिळायच्या थोडं आधीच ते घडलं.

साधं काम होतं. खड्ड्यात एक चाक असतं. त्याच्यावरून एक बारीक दोर फिरतो आणि डबा हलला की तोही धावतो. तो घासत होता. थोरला खाली, धाकटा वर. थोडं हलवायचं, थांबायचं, बघायचं. खालून ‘चालेल’ येत होतं, वर धाकटा मशीन सोडत होता. असं सकाळपासून चाललं होतं. मशीनच्या खोलीत पंखा घरघरत होता.

पुन्हा ‘चालेल’ आलं. धाकट्यानं मशीन सोडलं.

“थांब!” असा आवाज आला. तो इतका वेगळा होता की धाकट्याचा हात डोक्याच्या आधी हलला. मशीन थांबलं. त्यानं भोकाशी तोंड नेलं. “दादा? दादा, काय झालं?”

खालून उत्तर आलं नाही. जिने उतरताना आपण किती वेळा पडलो ते धाकट्याला नंतर आठवलं नाही. गुडघे सोलवटलेले दिसले तेव्हा समजलं.

थोरल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर थोरल्यानं धाकट्याला जवळ बोलावलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मी म्हटलं नव्हतं रे,” तो म्हणाला.

“दादा, मी ऐकलं.”

“पंखा चालू होता ना वर? भास झाला असेल. होतं कधी कधी.” मग डाव्या हातानं त्यानं धाकट्याचा हात थोपटला. “मी कोपऱ्यात नव्हतोच. हात चाकावर होता माझा. हात चाकावर ठेवून मी चालेल म्हणेन का?”

हा माणूस असं कधीच म्हणाला नसता, हे धाकट्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मॅनेजरनं त्याला घरी बसवलं. “चौकशी होईल,” ते म्हणाले. “पण तुला खरं सांगू? थोरला नाही म्हणतो, म्हणजे नाही. त्याच्या शब्दावर आपण लोकांना लिफ्टमध्ये घालतो. आता तुझ्यासाठी तो खोटा कसा ठरवू?”

“मी कुठं त्यांना खोटं म्हणतोय?”

“मग तू कोण ठरतोस?”

ते दिवस धाकट्यासाठी फार वाईट गेले. नोकरी जाणार हे उघड होतं. न बोललेला शब्द ज्याला ऐकू येतो, त्याला शाफ्टच्या तोंडाशी कोण उभं करील? दुसरी कंपनीही करणार नाही. पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. घरी आईनं हाक मारली की तो लगेच उठत नसे. आधी विचारी, “हाक मारलीस का?” एकदा दाराची घंटी वाजली आणि तो नुसताच दाराकडे बघत बसला. शेवटी बाहेरून दूधवाला ओरडला, “घरात कुणी आहे की गेले सगळे?”

आई म्हणाली, “बहिरा झालास का रे?”

“बहिरा असतो तर बरं झालं असतं,” तो म्हणाला.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी तो थोरल्याच्या घरी गेला. मनाशी ठरवून गेला होता. उद्या सांगायचं, माझी चूक. भास झाला. सगळं मिटवून टाकायचं. पण आधी दादांच्या तोंडावर सांगायचं.

दार वहिनींनी उघडलं. एरवी त्या दारातूनच ओरडत, “आले बघा भाऊजी, ताट वाढू का?” आज भाऊजी नव्हतं.

“या,” त्या म्हणाल्या. “उरलेली बोटं मोजायला आलात?”

“अगं,” आतून थोरला म्हणाला.

“मी काही बोलत नाही,” असं म्हणून वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. भांडी मात्र बोलत राहिली.

थोरला खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. हात पट्टीत. शर्ट इस्त्रीचा होता. बटणं मात्र चुकीच्या भोकांत गेली होती. वहिनींना लावू दिली नसावीत. धाकट्याला ते बघवेना. तो जमिनीवर बसला.

“दादा, उद्या मी सांगून टाकतो. भास झाला म्हणून.”

“तुला तसं वाटतं?”

“तुम्ही म्हणता ना.”

“मी म्हणतो ते सोड. तुला काय वाटतं?”

धाकटा म्हणाला, “मला काही वाटायचंच बंद झालंय. काल नळ गळत होता तर मी आईला विचारलं, तुला ऐकू येतोय का?”

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. रागावलेला असला तरी घरी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं, अशा अर्थाचा.

“चहा चालेल का?”

“चालेल,” थोरला म्हणाला. नजर धाकट्यावरच होती. डोकं दुसरीकडेच होतं.

आणि मग तो हलायचा थांबला.

धाकट्याला वाटलं, हात दुखला असेल. “दादा?”

थोरल्यानं डावा हात वर करून त्याला थांबवलं. “अगं, इकडे ये.”

वहिनी हात पुसत दारात आल्या. “आता काय?”

“आत्ता तू काय विचारलंस?”

“चहा चालेल का, विचारलं. त्यात काय झालं?”

“आणि मी काय म्हणालो?”

“चालेल म्हणालात.” वहिनी दोघांकडे आळीपाळीनं बघू लागल्या. “रोजच म्हणता. नाही कधी म्हणाला आहात चहाला?”

थोरल्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. मग तो एकेक वाक्य काढत गेला, जसा खड्ड्यातून एकेक पाना वर देई तसा.

“मी कोपऱ्यात गेलो होतो. लाल बटण सोडलं होतं. आता म्हणणार, तेवढ्यात चाकात चिंधी अडकलेली दिसली. म्हटलं, काढून टाकू. हात घातला. बटण पुन्हा दाबायला हवं होतं. नाही दाबलं. आणि वरून कुणीतरी विचारलं, काका, चहा चालेल?”

“कुणी?” वहिनींनी विचारलं.

“तळमजल्याच्या दारातून. प्रेमानं विचारलं बिचाऱ्यानं.” त्यानं डोळे मिटले. “आणि मी म्हणालो.”

स्वयंपाकघरात पाणी उकळू लागलं होतं.

“दादा,” धाकटा म्हणाला. “म्हणजे मी ऐकलं होतं?”

“ऐकलं होतंस.”

“खरंच ऐकलं होतं ना?”

“बरोबर ऐकलं होतंस. शब्दन् शब्द. एकच होता म्हणा.”

धाकट्यानं गुडघ्यांत डोकं घातलं. नोकरीचं त्या क्षणी त्याच्या मनातही नव्हतं. कान परत मिळाले होते.

पहिल्यांदा सावरल्या त्या वहिनी. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही चहाला चालेल म्हणालात. लिफ्टला नाही. मग म्हटलं नाही हे खरंच आहे की. ह्यात खोटं काय बोललात तुम्ही?”

“आजपर्यंत खोटं बोललो नाही,” थोरला म्हणाला. “उद्या तेच बोललो तर खोटं होईल.”

“आणि ती जागा? ह्या हातानं पाना धरणार आहात का? शिकवायचं तेवढंच उरलंय तुमच्यासाठी. तेही घालवून बसा.” त्या धाकट्याकडे वळल्या. “तुम्ही तरी सांगा ना काहीतरी!”

धाकट्यानं तोंड पुसलं. त्यानं सांगून पाहिलं, आणि मनापासून सांगितलं. “दादा, राहू दे. मला कळलं, बस झालं. मी दुसरं काहीतरी करीन. माझे हात धड आहेत.”

“तुझे हात धड आहेत, पण कान खराब म्हणून शिक्का बसेल. तो मी मारलाय. मीच काढायला नको?”

“तुम्ही मुद्दाम मारला नाही.”

“चाकानंही माझी बोटं मुद्दाम घेतली नाहीत,” थोरला म्हणाला. “तरी गेलीच ना?”

वहिनी आत गेल्या. चहा आला तो फक्त दोन कपांत, आणि दोन्ही कप धाकट्यापुढेच ठेवले गेले. थोरल्यानं त्यातला एक हळूच ओढून घेतला. दोघंही हसले नाहीत, पण जवळजवळ हसले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात एका लांब टेबलाशी चौघं बसले. मॅनेजर, सुरक्षेचं काम बघणाऱ्या बाई, थोरला आणि धाकटा. बाई नव्या होत्या. कमी बोलत, पण प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत मान हलवत नसत. मॅनेजरनं घाई केली. “थोरल्यानं आधीच सांगितलं आहे. त्यानं इशारा दिला नव्हता. हा म्हणतो ऐकला. आता—”

“मी दिला होता,” थोरला म्हणाला.

मॅनेजरचं वाक्य हवेतच राहिलं.

थोरल्यानं सगळं सांगितलं. चिंधी, बटण, चहा. काही वगळलं नाही आणि काही फुगवलं नाही. त्याच्या आवाजात माफी मागण्याचा सूर नव्हता आणि मोठेपणाचाही नव्हता. लिफ्टमध्ये काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगायचा त्याचा जो आवाज होता, तोच.

मॅनेजरला हायसं वाटलं. माणूस वाईट नव्हता. त्याला थोरल्याला वाचवायचंच होतं. “मग प्रश्नच मिटला! होकार चहाला होता. तो इशारा धरताच येणार नाही. आणि वरच्यानं खात्री करून घ्यायला हवी होती.”

“कशी करणार साहेब? शब्द तोच. आवाज माझाच. वर फक्त चालेल पोचतं. चहा खालीच राहतो.”

बाईंनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. “तुम्हाला चहा कुणी विचारला?”

“त्याचं नाव नको बाई.”

“मला लागेल ते.”

“त्याला नियम ठाऊक नव्हता. मला होता. नाव हवंच असेल तर माझं घ्या.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तळमजल्याच्या दाराशी सकाळी कोण असतं, हे शोधायला फार हुशारी लागत नव्हती. इमारतीचा वॉचमन. पण त्यांनी पुढं विचारलं नाही. निदान तिथं विचारलं नाही.

“बटण तुम्हीच सोडलं होतं?”

“हो.”

“आणि मग चाकात हात घातला. बटण न दाबता.”

“हो.”

“असं करू नका, हेच तुम्ही नव्या लोकांना शिकवणार होतात.”

“हेच.”

“मग त्या जागेवर मी तुम्हाला कशी बसवू?” बाईंनी हे कठोरपणे विचारलं नाही. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

धाकटा खुर्चीत पुढं सरकला. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, ह्यांच्याइतका शिकवणारा तुम्हाला सात जन्मांत मिळणार नाही. थोरल्यानं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला.

“नका बसवू,” थोरला म्हणाला. “मी तुमच्या जागी असतो तर मीही बसवलं नसतं.”

धाकट्यानं ह्या माणसाबरोबर उन्हात, धुळीत, अंधाऱ्या शाफ्टमध्ये अर्धं आयुष्य काढलं होतं. आपण त्याला पुरता ओळखतो असं त्याला वाटे. त्या टेबलाशी त्याला कळलं की आपण आत्ता कुठे ओळखायला लागलोय. भीती वाटली, लाज वाटली आणि छाती भरून आली, सगळं एकदम. आपल्याला ह्याच्या जोडीचा म्हणतात. लोक उगाचच म्हणतात असं नको व्हायला, एवढंच त्याच्या मनात आलं.

बाहेर जिन्यात धाकट्यानं विचारलं, “एवढं सगळं सांगायची काय गरज होती? चालेल म्हणालो, इतकं पुरलं असतं. बटणाचं कोण विचारत होतं?”

“अर्धंच सांगितलं असतं तर तुझ्या वहिनीनं जास्त चिडून विचारलं असतं, निम्म्यासाठी जागा घालवली का.” मग थोरल्यानं कठड्याला टेकून श्वास घेतला. “चल रे. पाय गळून गेलेत माझे. लिफ्टनं जाऊ.”

धाकटा कामावर परत आला. शिकवायची जागा दुसऱ्याला गेली. वहिनी आठवडाभर नवऱ्याशी मोजकं बोलल्या आणि आळीशी अजिबात नाही. आठवड्यानं धाकटा गेला तेव्हा दारातच म्हणाल्या, “भाऊजी, चपला बाहेर काढा, आत्ताच फरशी पुसलीय.” धाकट्यानं चपला इतक्या आनंदानं काढल्या की एक जिन्यावरून खाली गेली.

बाईंनी मात्र एक गोष्ट धरून ठेवली. इशाऱ्याची पद्धत बदलायची. त्यांनी सगळ्या मेकॅनिकांना बोलावून सांगितलं, असा शब्द शोधा जो माणूस एरवी बोलत नाही. मग काय विचारता. जेवणाच्या खोलीत नुसता गोंधळ.

“सोड म्हणूया.”

“ते मी रजेसाठी रोज साहेबांना म्हणतो.”

“उचल?”

“घरी पोरगं रडायला लागलं की बायको हेच ओरडते. शाफ्टमध्येही मी धावत सुटेन.”

“घे?”

“घे म्हणालास तर हा आधी जेवणाचा डबा उघडेल.”

एकानं परदेशी शब्द सुचवला. दुसरा म्हणाला, “अरे, तो म्हणता म्हणता लिफ्ट खाली येईल.”

थोरला कोपऱ्यात ऐकत बसला होता. शेवटी म्हणाला, “शब्द कुठलाही घ्या, तो बाहेर वापरला जाणारच. चालेलच राहू द्या. पण वरच्यानं ते ऐकून मशीन सोडायचं नाही. विचारायचं, कशाला? खालच्यानं सांगायचं, वर किंवा खाली. मगच.”

“आणि तो चहा म्हणाला तर?”

“तर चहा घेऊन खाली ये,” थोरला म्हणाला. सगळी खोली हसली. तोही हसला. पट्टी सुटलेला हात त्यानं टेबलावर उघडाच ठेवला होता. हसू थांबल्यावर सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मग कुणी दुसरा शब्द सुचवला नाही.

थोरल्याला कंपनीनं फोनवर बसवलं. लिफ्ट मधेच बंद पडली की आत अडकलेला माणूस डब्यातलं घंटीचं बटण दाबतो आणि फोन कंपनीत लागतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलायचं, हे काम. पंखा होता डोक्यावर. वहिनींनी आळीला तेवढंच सांगितलं.

धाकट्याला नवा जोडीदार मिळाला. एका दुपारी दोघं एका उंच इमारतीत पोचले. एक बाई दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. दोघांनी डबा हातानं हळूहळू सरकवला, दार उघडलं. बाई बाहेर आली ती घामाघूम, आणि चिडलेली.

“तुमच्या कंपनीत फोनवर कोण बसवलाय हो?” तिनं धाकट्याला विचारलं. “मी विचारतेय, किती वेळ लागेल? तर म्हणे, मला ठाऊक नाही. मी म्हटलं, अहो, निदान येतीलच आत्ता एवढं तरी म्हणा! तर म्हणे, ते निघालेत इतकंच मला ठाऊक आहे. कुठवर आलेत ते कळलं की सांगतो. तोपर्यंत मी फोन ठेवणार नाही. आणि ठेवला नाही! माझ्या नातवंडांची नावं विचारून झाली, शाळा विचारून झाल्या, स्वतःच्या वडिलांच्या स्टुलाची गोष्ट सांगून झाली. पण येतीलच म्हणाला नाही. साधं माणसाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलता येत नाही?”

नवा जोडीदार माफी मागायला पुढं झाला. धाकट्यानं त्याला हातानं मागं सारलं. त्याला हसू येत होतं आणि ते लपवावंसं वाटत नव्हतं.

“नाही येत त्यांना,” तो म्हणाला. “आमचे थोरले आहेत ते.”